कॅमेऱ्याचा घाम

आत्मारामदादांएवढा हट्टी फोटोग्राफर बोईसरात दुसरा नसेल, आणि तेवढा चोखही. त्यांच्या स्टुडिओची आणि माझ्या झेरॉक्सच्या दुकानाची भिंत एकच. पासपोर्ट फोटोला आलेल्या गिऱ्हाइकावर ते असे खेकसायचे की ते बिचारं माझ्याकडे येऊन विचारायचं, "ताई, जवळपास दुसरा कोणी आहे का?" मी म्हणायची, "आहेत की. पण त्यांच्या फोटोत तुम्ही तुमच्यासारखे दिसणार नाही." गिऱ्हाईक मुकाट परत जायचं.

दादा मूळचे नवापूरचे, समुद्राच्या तोंडावर वाढलेले. त्यांचा पहिला कॅमेरा खाऱ्या दमट हवेनेच खाल्ला. लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरली आणि एका लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरीच्या तोंडावर डाग आले. नवरीच्या आत्याने भर गावात दादांचा उद्धार केला. तेव्हापासून दादांनी ओलीशी उभं वैर धरलं. लेन्स ठेवायच्या कपाटात ते रात्रंदिवस बल्ब जळता ठेवायचे. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात ना, त्या गोळा करायचे आणि दाणे ओलावले की घरी तव्यावर भाजून कोरडे करायचे.

"माज्या भाकरीच्या तव्यावर ह्ये काय भाजता?" जयवंतीवहिनी करवादायच्या. "पोटात गेलं मंजे?"

"तुज्या भाकरीपरीस कडक नाय," दादा म्हणायचे.

त्यांचा मुख्य नियम वीस मिनिटांचा. एमआयडीसीतल्या कारखान्यांची कामं असायची, सुरक्षा सप्ताह, निवृत्तीचे सत्कार, खंडेनवमीची यंत्रपूजा. तिथे साहेबांच्या केबिनी बर्फासारख्या आणि शेडमध्ये वाफ. गार झालेला कॅमेरा एकदम त्या उकाड्यात काढला की काचेवर पाणी धरतं. वरून पुसता येतं, पण दादांच्या जुन्या लेन्सच्या आतही धरायचं, आणि तिथे बोट पोचत नाही. म्हणून दादा केबिनमध्ये शिरण्याआधीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बांधायचे. शेडमध्ये आले की पिशवीसकट तो एका स्टुलावर ठेवायचे. घाम यायचा तो पिशवीला येऊ दे, म्हणायचे. आतला कॅमेरा शेडएवढा गरम होईस्तोवर वीस मिनिटं कोणीही, अगदी मालकानेही, घाई करायची नाही.

त्या खंडेनवमीला त्यांनी घाई केली.

कारखाना रसायनांचा होता. नाव कशाला घेऊ, सगळ्या बोईसरला ठाऊक आहे. मॅनेजरने आधी दादांना केबिनमध्ये बोलावलं. तिथे त्याचीही छोटी पूजा होती, तिचे फोटो हवे होते. म्हणजे कॅमेरा पिशवीबाहेर आला. चहा झाला, गप्पा झाल्या, कॅमेरा गारठला. मग भटजींचा निरोप आला की मुहूर्त टळतोय, आणि मॅनेजरने दादांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना जवळजवळ ढकलतच शेडमध्ये आणलं. मशिनं बंद होती, झेंडूची तोरणं लागली होती, चाळीस-पन्नास माणसं रांगा करून उभी होती. दादा म्हणाले, "वीस मिन्टां थांबा." मॅनेजर म्हणाला, "अहो काका, मुहूर्त थांबतो का तुमच्या कॅमेऱ्यासाठी? एक काढून टाका, मग हवे तेवढे काढा."

दादांनी काच पुसली आणि बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं तर सगळं पांढरं. पुढच्या रांगेतली माणसं धुक्यातून आल्यासारखी, मागच्या रांगेत नुसते डाग.

दादा मग अडून बसले. पूजा चालू राहिली, कॅमेरा स्टुलावर. वीस मिनिटं भरल्यावर त्यांनी दुसरा फोटो काढला, लखलखीत. नारळाच्या शेंड्या मोजाव्यात इतका स्पष्ट. पण त्याआधीच मॅनेजरच्या लक्षात आलं होतं की मागच्या रांगेतल्या कंत्राटी पोरांच्या डोक्यावर हेल्मेट नाही, पायात धड बूट नाहीत, आणि फोटो तर मुख्य कचेरीत जायचा आहे. तो हिंदीत ओरडला, "ठेकेवाले साइड में हो जाओ." मागची रांग बाजूला झाली. दादांनी ते पाहिलं. आपल्याला काय त्याचं, फ्रेम सुटसुटीत झाली, असं वाटल्याचं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

त्या बाजूला झालेल्यांत विक्रम होता, परभणीकडचा, दादांच्या तोंडओळखीचा.

दुपारी मशिनं पुन्हा सुरू करताना गॅस सुटला. कंपनीचे तिघे जागच्या जागी गेले. विक्रम खोकत खोकत चालत खोलीवर आला, आडवा झाला आणि पहाटेआधी गेला. मेलेल्यांच्या यादीत तिघांची नावं लागली. विक्रमचं नाही. कंत्राटदार म्हणाला, तो सणाच्या सुट्टीवर होता, कामावर आलाच नव्हता, खोलीवर त्याचं त्यालाच काहीतरी झालं. हजेरीच्या वहीत त्या दिवशी त्याच्या नावापुढे रेघ होती. त्याच्याच खोलीत राहणारा, त्याच कंत्राटदाराकडचा मारुती म्हणाला, "मला नीट आठवत नाही." पोटासाठी माणूस किती विसरू शकतो ते मी त्या आठवड्यात पाहिलं.

विक्रमची आई सोजराबाई गावाहून आली होती. यंत्रपूजेला फोटो काढले होते हे कोणीतरी तिला सांगितलं, आणि ती दादांच्या दारात उभी राहिली. सुकलेली, ठेंगणी बाई, डोक्यावरचा पदर दातात धरलेला.

"दादा, माझं लेकरू तिथं व्हतं. तुमच्या फोटूत आसंल."

"व्हता, ताई," दादा म्हणाले. "उंच होता म्हणून मीच त्याला मागं उभा केलेला. डोळ्यांनी बगितलंय मी."

"मंग तेवढं सायबाला दावा. पैशाचं मागून बघू. आदी म्हना की त्यो कामावर व्हता. सणाच्या दिशी घरी लोळत पडून मेला, आसं गावात सांगत्यात लोकं."

दादांनी संगणक लावला. पांढरा फोटो समोर आला. तो त्यांनी त्याच दिवशी पुसला नव्हता हे एक नशीब. फोटो गडद करून पाहिला, उजळ करून पाहिला, मोठा केला. आतली ओल कशी जाणार? पुढची रांग थोडी उमटली, मागची तशीच. मी मागे उभी होते. आयुष्यभर लोकांच्या हनुवट्या वर करवणाऱ्या त्या माणसाची स्वतःची मान त्या दिवशी वर झाली नाही.

कोळगावला, जिल्ह्याच्या कचेरीत, चौकशीची तारीख पडली. दादा धुतलेला सदरा घालून गेले, मीही दुकान बंद करून सोबत गेले. दादांनी घडलं तसं सांगितलं, स्वतःची चूकही सांगितली. चौकशी करणारा साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने फोटो खिडकीजवळ नेऊन पाहिला. "यातला विक्रम कुठला?" दादांनी मागच्या रांगेतल्या डाव्या टोकाच्या डागावर बोट ठेवलं. साहेबाने फोटो टेबलावर ठेवला.

मग कंपनीच्या वकिलाने फाइलमधून दुसरा फोटो काढला. तोच दिवस, तीच शेड, तीच तोरणं. कोपऱ्यात दादांच्या स्टुडिओचं नाव. "हा तुमचाच ना?" त्याने विचारलं. "यात प्रत्येक चेहरा ओळखू येतोय. यात विक्रम दाखवा." दादा म्हणाले, "त्याला बाजूला केला होता." वकील म्हणाला, "म्हणजे यात नाही." दादांना "नाय" म्हणावं लागलं.

त्या फोटोच्या चार रंगीत प्रती माझ्याच मशीनवर निघाल्या होत्या. आदल्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला होता, मी विचारलंही नव्हतं कशाला. हे मी दादांना अजून सांगितलेलं नाही.

विक्रमचं नाव यादीत लागलं नाही. गावी परत निघण्याच्या दिवशी सोजराबाई पुन्हा स्टुडिओत आली. तिला तो पांढरा फोटो हवा होता. लेकाचा शेवटचा तोच. दादांनी मोठा, चांगल्या कागदावर छापून दिला. तिने तो मांडीवर घेतला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिली. कोळगावला तिला आत घेतलं नव्हतं, त्यामुळे दादांनी कुठे बोट ठेवलं होतं ते तिला माहीत नव्हतं. शेवटी तिने उजवीकडच्या एका डागावर बोट टेकलं.

"ह्योच न्हवं? खांदं बघा की. बापावानी."

दादांनी त्या डागाकडे पाहिलं. "ह्योच," म्हणाले.

ती बाहेर पडल्यावर दादा माझ्या दुकानात येऊन बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "चारुता," ते म्हणाले, "तो मारुती हाय गं, त्याच्या खोलीतला. विक्रम दुसऱ्या टोकाला होता." आणि ते रडू लागले, मोठ्याने, रस्त्यावरची माणसं बघताहेत याची पर्वा न करता. मला त्यांची दया आली आणि रागही आला. वीस मिनिटं थांबला नाहीत, म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

दादा गेले आणि तासाभराने सोजराबाई माझ्याकडे आली. फोटो लॅमिनेट करून हवा होता. तिने मधल्या वेळात देवळात जाऊन त्या उजवीकडच्या डागाच्या कपाळावर, म्हणजे कपाळ असेल तिथे, गंध लावून आणलं होतं. मेलेल्या माणसाच्या फोटोला लावतात तसं. मारुती त्या वेळी पाळीवर गेलेला होता.

मी मशीन तापायला ठेवलं.

"नीट चारी बाजू बंद कर, बाई," ती म्हणाली. "आमच्या घराला पावसात लई वल येती. माझ्या लेकराच्या तोंडावर डाग नको पडायला."

मी चारही बाजू दोनदा फिरवून बंद करून दिल्या.