न बघताच म्हणालो

चाकणच्या आमच्या प्लँटमध्ये तो फिटर आहे, मी त्याचा सुपरवायझर. कुणी कितीही "झालंय" म्हणो, बोल्ट तो स्वतः पान्यानं तपासणारच. बाकीचे चिडवतात, "भाऊ, घरी कुकरपण चेक करता काय?" तो शांतपणे म्हणतो, "व्हय. शिट्टी काय सांगून उडती का?"

कंपनीच्या सहलीत आम्ही नेपाळला गेलो. तिथं दरीवरच्या पुलावरून दोरी बांधून उडी मारायची होती. त्यानं माझ्या अंगावरचा एकेक पट्टा ओढून पाहिला. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "साहेब, मागचं मला दिसत न्हाई. तुमी बघा."

माझी नजर खालच्या पाण्यावरून हलत नव्हती. मी म्हणालो, "बघितलं." मी काहीच बघितलं नव्हतं.

त्यानं तत्काळ उडी मारली. दोरी ताणली जाईपर्यंत मला श्वास घेता आला नाही. तो हसत वर आला. मी कंबरदुखीचं निमित्त सांगून पट्टे सोडले.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. परतल्यापासून मी पाहिलेलं मशिन तो पुन्हा तपासत नाही. "साहेबांनी बघितलंय," म्हणतो आणि हात आत घालतो.