चौथी दीर्घिका
जयनगरात वाढलेल्या श्यामलाबाईंनी कोरमंगलातल्या एका संशोधन संस्थेत उभी हयात काढली. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर; घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. निवृत्ती जवळ आली असताना त्यांनी पीएचडीची शेवटची विद्यार्थिनी घेतली, पुण्याची वेदिका. ती संस्थेजवळच पीजीत राहायची.

विषय बाईंनीच दिला. आकाशाच्या एका कोपऱ्यात चार दीर्घिका दाटीवाटीनं दिसत. तिघी एकमेकींच्या ओढीनं विस्कटलेल्या, त्यांच्यातले तारे लांबवर फेकले गेलेले. चौथीचा वेग मात्र फारच वेगळा. ती या गटातून भरधाव आरपार निघाली आहे, हे बाईंचं जुनं मत. तसं असेल तर तिच्याही कडेच्या ताऱ्यांची चाल बिघडलेली असणार. ती मोजायची, एवढंच काम. पण कडेचा उजेड इतका अंधुक, की दुर्बीण तासन्‌तास तिथंच रोखून धरावी लागे. पहिल्या वर्षी ढग आले, दुसऱ्या वर्षी यंत्र बिघडलं. बाईंच्या शब्दावर वेदिका थांबून राहिली.

अखेर ज्यांवरून ताऱ्यांचा वेग काढता येतो, ते त्या उजेडाचे वर्णपट हाती आले. एका दुपारी वेदिकानं वेगांचा नकाशा संगणकावर उघडला. तारे संथपणे, एका लयीत गोल फिरत होते. कुठं ओरखडासुद्धा नाही. चौथी दीर्घिका त्या गटातली नव्हतीच. ती कितीतरी मागे, आपल्या वाटेनं चालली होती. इथून पाहताना फक्त एका रेषेत दिसत होती.

बाईंनी सगळं पुन्हा तपासायला लावलं. उत्तर तेच. त्यातच परदेशातल्या संशोधकांचा लेख आला. मोठ्या दुर्बिणीनं त्यांनीही हेच दाखवलं होतं. नवं म्हणावं असं वेदिकाकडे काही उरलं नाही.

समितीपुढे बाई तिच्यासाठी भांडल्या. 'नाही' हेही उत्तरच असतं, म्हणाल्या. समितीनं शांतपणे ऐकलं आणि नवा विषय घ्यायला सांगितलं. शिष्यवृत्ती संपत आली होती. ती वाढवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात वेदिका म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून मी हा विषय घेतला."

"हो."

"मग आता मी काय करू?"

आजवर प्रत्येक विद्यार्थ्याला बाईंनी काही ना काही वाट दाखवली होती. "मला नाही गं ठाऊक," एवढंच त्या म्हणाल्या.

वेदिका एका कंपनीत लागली. अजून कोरमंगलातच राहते. रस्त्यात भेटली की हसते, तब्येत विचारते आणि ऑटोला हात करते. घरी बाईंचे यजमान, श्रीकांत, समजावतात: तुझा काय दोष त्यात, आता स्वल्प विसर. बाई मान हलवतात. दोष नाही, हे त्यांनाही पटतं. म्हणून तर वेदिकाची माफी कशाबद्दल मागावी, तेच त्यांना कळत नाही.