चिमटीभर पेरणी

ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेहून आला आणि त्याने आणलेलं एक खोकं तिने माझ्या गळ्यात मारलं. तिच्याकडे मनीप्लांटही जगत नसे. खोक्यावर इवल्याइवल्या निवडुंगांचा फोटो होता. आत पारदर्शक झाकणाचा ट्रे, नारळाच्या भुशाच्या दाबून केलेल्या चपट्या वड्या, बियांची पुडी आणि इंग्रजी सूचनांचा कागद. मोबाइल तेव्हा फक्त साहेबांकडे असायचा. डब्यात बंद करून शेती विकतात, याचंच मला केवढं नवल वाटलं.

तुळिंजच्या आमच्या फ्लॅटच्या दारातच आईने खोकं अडवलं. "काटेरी झाड घरात नको. भांडनं लागतात."

मला हसू आलं. बाबा गेली तीन वर्षं कुणाशी धड चार वाक्यं बोलत नव्हते. भांडण लागलं असतं तर मी नारळ फोडला असता.

बाबांचं बोलणं शेताबरोबर गेलं होतं. वसईच्या खाडीकाठी आमची भातशेती होती आणि गावात पेरणीची पहिली मूठ बाबांच्या हातची असायची. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे मानायचे. लोक बोलवायला आले की बाबा धुतलेला सदरा घालून जायचे, मूठ टाकायचे, मगच त्या घरची पेरणी सुरू व्हायची. एका वर्षी उधाणाने बांध फुटला, खारं पाणी शेतांत शिरलं आणि पुढची दोन वर्षं बी उगवलंच नाही. आमचं नाही, की ज्यांच्याकडे बाबांनी मूठ टाकली त्यांचंही नाही. मिठागर झालेल्या जमिनीत उगवणार काय कपाळ! पण बाबांनी दोष स्वतःवर घेतला. "हात गेला माजा," एवढंच म्हणाले. शेत विकून इथे आल्यावर त्यांनी गॅलरीतल्या तुळशीची मातीसुद्धा कधी सारखी केली नाही. निवडुंगांचं मला फारसं कौतुक नव्हतं. बाबांना त्यांचा हात परत मिळावा, एवढंच मला हवं होतं.

रविवारी मी वड्या पाण्यात टाकल्या. त्या बघता बघता फुगल्या आणि बोटभर उंच झाल्या. बाबांनी पेपर खाली ठेवला. बी खसखशीहून बारीक होतं, माझ्या श्वासानेच दोनचार दाणे उडाले.

"बाबा, तुम्ही टाका. मला नाही जमत."

"माज्या हातनं नको."

"मग उडू दे सगळं." मी उघडी पुडी पंख्याखाली धरून बसले. हट्टीपणात मी त्यांचीच मुलगी.

शेवटी तेच उठले आणि पंखा बंद केला. पुडी कपाळाला लावली. चिमटीतून त्यांनी बी असं सोडलं, की एकेक दाणा वेगळा पडला. वर माती घालायची नाही म्हटल्यावर मात्र ते पुटपुटले, "उघड्यावर काय उगवनार?"

दहाव्या दिवशी सकाळी त्यांनीच मला हाक मारून उठवलं. भुशावर हिरवे ठिपके होते. आईचं पोथीचं भिंग आणून आम्ही आळीपाळीने पाहिलं. पान नाही, देठ नाही, मोहरीहून लहान नुसता हिरवा गोळा, आणि त्याच्या डोक्यावर दोन पांढरे केस. "काटं हायत ते," बाबा हळूच म्हणाले. "जल्माला येतानाच घेऊन आलंय." जन्मभर भात उगवताना पाहिलेला माणूस, पण भिंग माझ्याकडे द्यायला तयार होईना. आम्ही सतरा ठिपके मोजले.

"आहे की हाताला गुण," मी म्हटलं.

"तुज्या त्या कागदाचा गुन," ते म्हणाले. पण दिवसभर ट्रेजवळून हलले नाहीत.

पेरणीला एकवीस दिवस झाले, त्या संध्याकाळी मी कामावरून आले तर बाबा चक्क आईशी गप्पा मारत होते. गॅलरीत घमेलं होतं, घमेल्यात कालवलेला चिखल, आणि चिखलात ओळीने सतरा ठिपके. "लावनी झाली," बाबा म्हणाले. भाताचं रोप एकवीस दिवसांचं झालं की उपटून चिखलात लावायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. सुईच्या टोकाने त्यांनी एकेक रोप उचललं होतं.

माझं डोकं फिरलं. "हे भात आहे का, बाबा? वर्षभर हलवायचं नसतं, कागदावर लिहिलंय!"

तो कागद मी त्यांना एकदाही वाचून दाखवला नव्हता, हे बोलून झाल्यावर सुचलं. चार दिवसांत सगळी रोपं चिखलात विरघळली. बाबांनी घमेलं उपडं केलं. "हात गेला तो गेलाच," म्हणाले आणि पुन्हा पेपरमागे गेले. मला माझ्या जिभेचा इतका राग आला, की त्या रात्री जेवण गेलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत आईने खिडकीत झाकण लावून पडलेला ट्रे टाकायला काढला. डबा म्हणून चालेल, या विचाराने मी झाकण उघडलं. आतली ओल तशीच होती, आणि भुशावर तीन हिरवे ठिपके होते. मी तिथेच फरशीवर बसले. दोन महिने कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणी बघितलंही नव्हतं.

"हे कवा पेरलंस?" बाबांनी विचारलं.

"मी नाही. तुमचीच आहेत. त्या रविवारची."

त्यांनी भिंग बराच वेळ डोळ्यापुढून काढलं नाही. "एवढे दिस गप बसलं व्हतं," ते म्हणाले.

मग मी कागद आणला आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली.

"वरीसभर हलवायचं नाय?" बाबा म्हणाले. "म्हंजे थांबायला लागंल."

आणि ते थांबले. ट्रेच्या खोलीत पंखा लावायची आम्हाला बंदी झाली. आई म्हणाली, "सांगितलं व्हतं ना, भांडनं लागतील." वर्षाने बाबांनी आगपेटीच्या काडीने तिन्ही रोपं उचलून कपांत लावली. वाटाण्याएवढी झाली होती, काट्यांसकट.

समोरच्या काकू सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आल्या, तेव्हा कप खिडकीत होते. "अय्या, केवढेसे! कुणी लावले हो?"

कागदाचं नाव निघेल म्हणून मी बाबांकडे पाहिलं.

"माज्या हातचे हायत," बाबा म्हणाले. मग प्रसादासाठी हात पुढे करत म्हणाले, "तुमी बी आना. पयली चिमूट मी येऊन टाकतो."