बाह्या असलेली टीकोझी

पुण्यात लोकर घालण्याइतकी थंडी पडते, ही अफवा आमच्या वन्संनी तीस-चाळीस वर्षं एकटीच्या बळावर टिकवून धरली होती. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. खडकीला लष्करी कचेरीत नोकरी, तिथेच दोन खोल्यांचं क्वार्टर, लग्न केलेलं नाही आणि हातात सदा न कदा विणकामाच्या सुया. दसरा झाला की आम्ही पंख्याखाली बसलेलो असताना त्या दारातून आत यायच्या, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "गारठा सुटलाय हं." पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "हात वर कर, छाती मोजू दे." या गारठ्यापायी आमच्या घरातल्या पुरुषांनी लग्नकार्यांत जो घाम गाळलाय, त्याला तोड नाही. कारण स्वेटर दिला की तो अंगावर दिसला पाहिजे, ही वन्संची अट. आमचे हे म्हणायचे, "ताईचा स्वेटर मी थंडीत एकदाच घातला, महाबळेश्वरला. बाकी सगळं प्रायश्चित्त." दूधवाल्याला त्यांनी हातमोजे विणून दिले. ते घालून त्याला माप धरता येईना, म्हणून त्याने ते सायकलच्या हँडलला चढवले. दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं. वन्सं म्हणाल्या, "बरोबर केलंस. गार पडतं ते हँडलच." कचेरीतल्या एका बाईंची बदली मद्रासला झाली, तर त्यांना मफलर. का, तर समुद्राचा वारा बाधतो.

सुया घरी राहिल्याच, तर पर्समध्ये क्रोशाची सुई असे. त्यांच्या क्वार्टरमध्ये रेडिओवर क्रोशाचा रुमाल, फोनवर रुमाल, माठावर मण्यांची झालर लावलेला रुमाल, विजेच्या मीटरवरसुद्धा रुमाल. मीटर वाचायला येणारा माणूस तो अदबीने दोन बोटांनी उचलायचा आणि पुन्हा नीट घालून जायचा. जास्त वेळ बसलं तर आपल्यावरही एखादा येईल, अशी मला तिथे कायम धास्ती वाटे.

त्यांच्या लग्नाची हकिगत मी सासूबाईंकडून ऐकली. एक स्थळ बघायला आलं होतं. वन्संनी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि सुया घेऊन समोर बसल्या. मुलाच्या आईने विचारलं, "स्वयंपाक येतो का?" वन्संनी हातातली ओळ पुरी केली, सुई बदलली आणि म्हणाल्या, "येतो. पण तुमच्या मुलाच्या स्वेटरची पाठ तिरकी उतरलीय, ती आधी बघा." ती मंडळी पुन्हा फिरकली नाहीत. सासूबाई हे हसत हसत सांगायच्या आणि शेवटी गप्प व्हायच्या. कारण त्याच वर्षी सासरे गेले होते आणि धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं. माझा नवरा बहिणीच्या नोकरीवर शिकला. वन्संनी हे कधी चुकूनही तोंडातून काढलं नाही. लग्नाचा विषय निघाला की त्या तिरक्या पाठीचंच सांगायच्या.

प्रवासाची मात्र भारी हौस. पण त्यांचं अंतर मोजायचं माप निराळं. लोणावळा म्हणजे एक कानटोपी. सोलापूर म्हणजे मफलर. लांबच्या गावाला जायचं तर तिकिटाच्या खिडकीवर जाऊन विचारायच्या, "याहून हळू जाणारी गाडी नाही का?" खिडकीतला माणूस चक्रावून बघत राही. जलद गाडीत म्हणे बाही अर्धवट राहते आणि मग उतरल्यावर चैन पडत नाही. एकदा आम्ही सगळे काश्मीरला गेलो. दल सरोवरात शिकाऱ्यात बसलो, समोर बर्फाचे डोंगर, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वन्सं नावाड्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. "भाऊ, जरा थांबना," असं खडकीच्या हिंदीत सांगून त्या पुढे सरकल्या, त्याच्या स्वेटरचा काठ धरून उलटा केला आणि पाठीवरचा निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर घेत घेत जाग्यावर आणला. तेवढा वेळ तो बिचारा वल्हं छातीशी धरून श्वास रोखून बसला होता. काश्मीर कसं वाटलं, असं पुण्यात कुणी विचारलं की वन्सं सांगायच्या, "लोकर चांगली आहे. विणतात सैल."

आता जे सांगायचंय ते सांगते. माझ्या लग्नानंतर मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा घर पुन्हा गप्प झालं. पहिल्या वेळी वन्संनी तिसऱ्याच महिन्यात इवलाले मोजे विणून आणले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, बाळ यायच्या आधी बाळाचं काही करू नये." ते मोजे पुढे कुणी पाहिले नाहीत. त्या हिवाळ्यात वन्संनी काहीच विणलं नाही. हात मांडीवर ठेवून बसायच्या, आणि ते बघणं मला माझ्या दुःखाहून जड जाई. पुढे डॉक्टरांनी आशा सोडा म्हणून सांगितलं आणि मी आणि ह्यांनी ठरवलं की मूल दत्तक घ्यायचं. सासूबाई "देवाच्या मनात असेल तसं" म्हणाल्या, म्हणजे त्यांची हरकत नव्हती. मिरजेकडच्या एका संस्थेत नाव नोंदवलं आणि आम्ही वाट बघायला लागलो.

त्या रविवारी वन्सं आल्या त्या हळदी रंगाची लोकर घेऊनच. बसल्या, विणायला लागल्या. सासूबाईंनी विचारलं, "काय गं ते?"

"टीकोझी," वन्सं मान वर न करता म्हणाल्या. चहाच्या किटलीवर घालायचं ते उबदार टोपरं.

महिन्याभरात त्या टीकोझीला गळा आला. मग एक बाही आली. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. "टीकोझीला बाही?"

"किटलीला चोच नसते का?"

"आणि ही दुसरी?"

"दुसरीकडे कान असतो."

आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "आई, मधली बटणं कशाला ते मात्र विचारू नकोस." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वस्तूला सगळे टीकोझीच म्हणत. आमच्याकडे किटली नव्हती, चहा पातेल्यातून थेट कपात जायचा. पण कुणी एका शब्दाने ते काढलं नाही. देवाला फसवायचं तर घरच्यांची एकजूट लागते.

बोलावणं काही येईना. एकदा आलं, आम्ही निघायच्या तयारीत होतो, तोच त्या बाळाचे नातेवाईक त्याला न्यायला आले. चांगलंच झालं त्याचं, पण मी दोन दिवस जेवले नाही. हिवाळा सरला, दुसरा आला. वन्संनी एक दिवस ती टीकोझी काढली, सगळी उसवली, लोकर धुवून वाळवली, त्यात आणखी एक गुंडा घातला आणि पुन्हा सुईवर टाके घ्यायला बसल्या. यावेळी मोठी. त्यापुढच्या हिवाळ्यात पुन्हा उसवली आणि आणखी मोठी. मी चिडलेच. म्हटलं, "वन्सं, पुरे आता. कुणी येणार नाहीये. कशाला दर वर्षी नवा खेळ मांडताय?"

त्यांनी सुया खाली ठेवल्या. एरवी त्या कुणासाठी सुया खाली ठेवत नसत. म्हणाल्या, "हे बघ, तुझं जे आहे ते कुठे तरी जन्मलेलं असेल. ते वाढतंच असणार ना? आपण इथे थांबलो म्हणून ते तिथे थांबत नाही. उद्या आलं आणि आखूड झाला, तर त्याला काय सांगू?" मी आत जाऊन पोटभर रडले. बाहेर आले तेव्हा त्या पुन्हा टीकोझी विणत होत्या.

संस्थेचा निरोप आला तो असा की तान्हं मूल नाही, पण एक मुलगी आहे, पाचेक वर्षांची, चालेल का. आम्ही लगेच हो म्हटलं आणि वन्संना घेऊन तिघं मिरजेला गेलो. मुलीचं नाव सुमन. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी. बाहुली दिली, घेतली नाही. गोळ्या दिल्या, त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, "आज आलीच नाही तर जबरदस्ती नको. पुन्हा या." पुन्हा म्हणजे कधी? आणि तेव्हाही नाही आली तर?

वन्संनी पिशवीतून हळदी स्वेटर काढला आणि तिच्या पाठीला लावला. आखूड. चांगला वीतभर आखूड. त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "तू तर माझ्यापेक्षा भराभर वाढलीस की गं. आता हा उसवायला पाहिजे." एक टोक सोडवून त्यांनी मुलीच्या हातात दिलं. "ओढ." आपल्या विणकामाला बोट लावू न देणारी ही बाई. मुलीने जरासं ओढलं. एक ओळ सर्रकन सुटली. तिने आणखी ओढलं. मग ती टोक धरून व्हरांड्यात पार दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेली आणि मागे वळून हसली. इतक्या वर्षांच्या हिवाळ्यांचं ते काम घटकाभरात लोकर होऊन फरशीवर पडलं. वन्सं म्हणाल्या, "आता नवा विणायचा तर माप सारखं घ्यावं लागणार. स्वेटर होईपर्यंत येतेस का आमच्याकडे?" मुलीने विचार केला आणि मान डोलावली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये वन्संनी टाके घातले. दर स्टेशनाला सुमन उठून पाठ करून उभी राहायची, माप द्यायला. नीरा येईतो ती माझ्या मांडीवर झोपली होती. मी हललेसुद्धा नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.

वन्संनी रजा काढली आणि आमच्याकडेच मुक्काम ठोकला. घर नव्याने भरलं. पण नवल असं की एका सोलापूरच्या फेरीत मफलर उडवणाऱ्या बाईचा तो स्वेटर काही पुढे सरकेना. सकाळी बाही कोपरापर्यंत आलेली असे आणि दुपारच्या झोपेनंतर बघावं तर दोन बोटं कमी. वन्संनी आधी चष्म्यावर संशय घेतला. नवा चष्मा केला. मग वयावर घेतला. "माझी मोजणी चुकायला लागली बाई," असं मला हळूच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. मी उंदरांवर घेतला. सासूबाईंनी भिंतीकडे बघून "किटली आकसली असेल" असं म्हणून घेतलं.

एका दुपारी मी कपडे काढायला गच्चीवर जाऊन आले. वन्सं कॉटवर झोपल्या होत्या. कॉटच्या पायाशी सुमन बसली होती. तिने सुईवरून टाके अलगद उतरवले होते, एकेक ओळ हळूच ओढत होती आणि सुटलेला धागा गुंड्याला नीट गुंडाळत होती. मला बघून ती दचकली. मी जवळ जाऊन बसले आणि विचारलं, "का गं बाळा? आवडत नाही का हा रंग?"

तिने तसं नाही अशी मान हलवली. मग गुंड्याकडे बघत म्हणाली, "झाला की मला परत सोडणार ना?"

वन्सं जाग्या झाल्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. त्या उठून बसल्या, तिच्या हातातून सुई घेतली आणि सुटलेले टाके एकेक करून परत उचलायला लागल्या. "हा झाला की पुढच्या वर्षीचा विणायला घ्यायचाय," त्या म्हणाल्या. "तू वाढणार, हा आखूड होणार. मग त्याच्या पुढचा. मला किती काम आहे ठाऊक आहे का? आणि तू सोडायच्या गोष्टी करतेस." आवाज त्यांचा नेहमीसारखाच रुक्ष होता, पण टाके काही त्यांना उचलता येत नव्हते. डोळे भरले की जवळचं दिसत नाही, नवा चष्मा असला तरी.

त्याच संध्याकाळी स्वेटर पुरा झाला. ऐन चैत्रातला उकाडा. सुमनने तो घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. जेवायला हाक मारली, तशीच जेवायला आली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. कुणी तरी उठून "चल" म्हणेल, याची वाट बघत होती. ह्यांनी तिला आमटी वाढली. सासूबाईंनी उद्या शिकरण करू म्हटलं. वन्संनी ताटावरच वितीने तिची पाठ मोजून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधला. कुणी "चल" म्हणालं नाही. जेवण झाल्यावर तिने एकेक बटण काढलं, स्वेटरची घडी घातली, माझं कपाट उघडलं आणि माझ्या साड्यांवर ती घडी ठेवून दिली.

वन्संना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सुमनला विणकाम येत नाही, मलाही कधी आलं नाही. वन्संची कला आमच्या घरात संपली, म्हणून नातेवाईक हळहळतात. हळहळू देत. मी आई झाले ती त्या बाईमुळे, आणि हे मी त्यांना समोर बसून एकदाही म्हटलं नाही. आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नाही. म्हणून इथे म्हणून ठेवते.