तणसातला आरसा

संशय घेणं माझ्या रक्तातच आहे. मध्य प्रदेशात बालाघाटला आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, त्यामुळे कुणी गोड बोललं की याला नेमकं काय हवंय, हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या आधी येतो. बी.एड.च्या सराव पाठांसाठी शहरातली शाळा घेता आली असती. पण लांजीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत कुणीच जायला तयार होईना, तेव्हा मी स्वतःहून हात वर केला. सेवाभाव वगैरे होताच. आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत हे दाखवायची खाजही होती.

गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात निळी फाइल. पहिल्याच दिवशी कॉलेजचा फॉर्म भरायला मी घरोघर गेले. घरात माणसं किती, शिकलेली किती, एवढंच विचारायचं होतं. माणसं उत्तरं देत होती, पण दारातच उभी राहून. कुणी बसा म्हटलं नाही. परतताना एका घरामागे धानाच्या पेंढ्याचा, तणसाचा ढीग दिसला आणि त्यातून मोटरसायकलचा आरसा बाहेर आलेला. तणसात गाडी कोण ठेवतं? चोरीचीच असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि पाय उचलला.

सातवीच्या वर्गात तेवीस मुलं होती. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून मी निबंध दिला, ‘मेरा घर’. घरून लिहून आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी बावीस वह्या उघडल्या आणि माझं डोकंच फिरलं. सगळीकडे त्याच चार ओळी. घर मातीचं आहे. दोन खोल्या आहेत. गाडी नाही. टीव्ही नाही. एकाच्या घरून तर टीव्हीचा आवाज मी स्वतः ऐकला होता!

तेविसावी वही शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या बाईच्या मुलीची. तिला लिहायची फार हौस. तिनं निबंध घरी नेलाच नव्हता, आदल्या दिवशी मधल्या सुट्टीतच लिहून माझ्या टेबलावर ठेवला होता. त्यात गाय होती, गाईचा खोडकरपणा होता, हैदराबादला मजुरीला जाणारा बाप होता आणि त्यानं घेतलेली लाल गाडी होती. ‘जब सर्वे वाले आते हैं, तब बाबा गाड़ी को तनिस में छिपा देते हैं। मुझे तब बहुत हँसी आती है।’

मलाही हसू आलं. मी पानाचा मोबाइलवर फोटो काढला, खाली ‘शाबास’ लिहिलं आणि निबंध कसा असावा म्हणून अख्ख्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवला. वर्गात कुणी हसलं नाही. ती मुलगी हसतच होती, मग इतरांकडे बघून थांबली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई मात्र रोज वेळेवर येऊन चूल पेटवत होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘मामाच्या गावाले गेली.’’ मुलं म्हणाली, ताप आलाय. हेडमास्तर म्हणाले, कुणाचं तरी लग्न असेल. एका मुलीची तीन कारणं! मी कान टवकारले. बारा वर्षांची पोर, हुशार, अचानक गायब. लग्न ठरवलं असेल, नाहीतर बापाकडे कामाला धाडली असेल. त्या बाईनं वाढलेला भात मी तसाच ठेवला.

पाचव्या दिवशी मी सरळ तिच्या घरी गेले. तणसाचा तो ढीग याच घरामागे होता, पण आरसा आता दिसत नव्हता. अंगणात मुलगी धान पाखडत बसली होती. मला बघताच सूप टाकून आत पळाली. मी हाक मारणार, तोच मागून तिची आई आली. मला गल्लीत वळताना बघून ती चूल सोडून माझ्या मागेमाग आली होती.

‘‘तुमी खरं सांगा, कोन्या सरकारी दफ्तरातून आल्या?’’

मी ओळखपत्र दाखवलं. कॉलेज, बी.एड., सगळं सांगितलं.

‘‘सर्वेवाले बी असंच कार्ड लटकवून येतेत. पैले माणसं मोजता, मंग पोरायकून घरातलं लिहून घेता. काहून?’’

ती बोलतच राहिली. ‘‘सरकारी घराच्या, आवासच्या यादीत औंदा नाव लागलं आमचं. मागचं भिताड पडून राह्यलं. गाडी दिसली आन् नाव कटलं, त तुमी जोडून द्यान का?’’

‘‘मुलीला शाळेत पाठवा,’’ मी म्हणाले. आवाज माझा मलाच केविलवाणा वाटला.

‘‘तो कागद द्या. मंग येईन ते.’’

शाळेत परत येऊन मी वहीतलं पान फाडून दिलं. बाईला वाचता येत नव्हतं, आणि मी दिलंय ते तेच पान आहे यावर तिचा विश्वास नव्हता. तिनं मुलीला बोलावून घेतलं आणि चुलीपाशी उभं राहून वाचायला लावलं. मुलीनं पहिल्या ओळीपासून वाचलं. हँसी आती है, हेसुद्धा वाचलं. मग आईनं पान तिच्या हातातून घेतलं आणि डाळीच्या पातेल्याखाली जाळात सारलं.

‘‘फोटो त नाई काढला?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले. मोबाइल माझ्या पिशवीत होता. बाईनं मान डोलावली. ‘‘हौ. उद्यापासून येईन ते.’’

ती आली. मला एका विद्यार्थ्याचा अभ्यास करून कॉलेजला फाइल द्यायची होती, आणि इतका चांगला नमुना दुसरा नव्हताच. मी फोटो छापून चिकटवला. नाव झाकलं, गावाचं नाव मात्र पहिल्या पानावर होतंच. ती फाइल आज कुठल्या कपाटात आहे, कुणी उघडून बघतं का, मला ठाऊक नाही. सगळ्या गावावर मी उगाच संशय घेतला. त्यांनी माझ्यावर एकच घेतला आणि तो खरा निघाला, याची मला आजही लाज वाटते.

शेवटच्या दिवशी मी मुलांना म्हटलं, मनाला येईल ते लिहा. ती उठून टेबलाशी आली.

‘‘मॅडम, हे जमा करा लागन का?’’

‘‘नाही गं. तुझ्याजवळच ठेव.’’

तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग जागेवर जाऊन सुंदर अक्षरात चार ओळी लिहिल्या, आणि मी मागितली नसताना वही आणून माझ्यासमोर उघडी ठेवली. घर मातीचं आहे. दोन खोल्या आहेत. गाडी नाही. टीव्ही नाही.