पंक्चरवाल्या तात्यांची हवेची होडी

जगात जे जे हवेनं फुगतं ते आपल्याला कळतं, अशी चौकातल्या पंक्चरवाल्या तात्यांची पक्की समजूत होती. तीस वर्षं घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून त्यांनी बुडबुडे शोधले होते. अगदीच बारीक भोक असलं, तर ट्यूब ओठांजवळून फिरवत आणि हवेच्या फुंकरीवरून जागा सांगत. त्यामुळे दोन्ही नातवंडांना तळ्यावर फिरवायला होडी घ्यायचं मनात आलं, तेव्हा त्यांनी कुणालाच विचारलं नाही. सुनेलाही नाही. आणि पोरं सोडायची की नाही, हे तर तिच्याच हातात होतं.

होडी आली. जाड रबराचं भलंथोरलं कडंच ते.

"हात लावून बघ," तात्या म्हणाले. "म्हशीचं कातडं! आणि फाटलीच, तर मी आहे की. पाच मिनिटांत पॅच."

सून चादरी वाळत घालत होती. ओल्या हातांनीच तिनं होडीला एक चक्कर मारली. "बाबा, हवा भरायचं तोंड एकच?"

"एकच. दोन केली की गळायच्या जागा दोन."

"टायर बसला तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. ही तळ्याच्या मधोमध कुठं उभी राहणार?"

सहा वर्षांचा नातू तात्यांच्या मदतीला धावला, "आजोबा पाण्यात उतरून पॅच लावतील!"

"हो, आणि सोल्यूशन वाळेपर्यंत तू फुंकर मार. यात मी पोरं बसवणार नाही, बाबा."

सून एरवी फटकळ नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. पण खोटं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी होडी परत दुकानात गेली. "अहो, हीच सगळ्यात दणकट!" दुकानदार कळवळला.

"दणकट आहे रे. पण एकाच श्वासावर जगते."

मग त्यांनी तीन कप्प्यांची निवडली. दोन्ही बाजूंची हवा वेगळी, तळाची तिसरी. दिसायला जरा किरकोळच. पोरांच्या वजनाला पेलतील अशी तरंगायची जाकिटंही घेतली. दुकानातच त्यांनी शिवणीशिवणीला साबणाचं पाणी लावायला घेतलं, तेव्हा दुकानदाराला राहवलं नाही. "तात्या, होडी घेताय की सून पसंत करताय?"

"सून आहे. तिनं होडी पसंत करायचीय."

रविवारी तळ्यावर सगळ्यांना काठावर बसवून तात्या गुडघाभर पाण्यात एकटेच होडीत चढले आणि एका कप्प्याचं बूच त्यांनी स्वतःच उपटलं. फुस्स! डावी बाजू लुळी पडली, तात्या कमरेपर्यंत भिजले. नातवंडं हसून लोळली. होडी मात्र तरंगतच होती.

सून हसली नाही. "अजून बसा," ती म्हणाली.

तात्या बसून राहिले. दात वाजायला लागले तरी बसून राहिले.

शेवटी तिनं चार वर्षांच्या धाकटीला जवळ ओढलं आणि जाकिटाचे पट्टे आवळायला घेतले. "भरा परत हवा. काठाकाठानंच जायचं. आणि मीही येणार."

"अगं, दोन मोठी माणसं नाही झेपायची हिला. खोक्यावर लिहिलंय."

"मग तुम्ही खाली उतरा."

तात्यांनी पायपंप मारला, तिघांना होडीत बसवलं आणि दोरी मनगटाला गुंडाळून सकाळभर गुडघाभर पाण्यातून होडी ओढत राहिले.