वहिनींचा चेहरा आणि ऊन

वहिनी गेल्या त्याला सहा आठवडे झाले. ऑफिसात फोन आला, शाळेतच चक्कर येऊन पडल्या म्हणून. मी नाशिकरोडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून अंगातला थकवा उतरतच नाही... आणि लिहायला बसलो, तर आधी आठवली ती मी आणून दिलेली मलमाची ट्यूब.

थोरले भाऊ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, वहिनी जवळच्याच शाळेत शिक्षिका. पंचाहत्तरच्या सुमारास, धाकटीच्या वेळी, त्यांच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग उमटले. आई जायफळ उगाळून द्यायची, शेजारणी लिंबू चोळायला सांगायच्या. वहिनी निमूट सगळं करायच्या आणि लग्नात फोटो निघायच्या वेळी काहीतरी निमित्त काढून उठायच्या. मला ते बघवेना. ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून मी मेडिकलमधून ती ट्यूब आणली. दोन महिन्यांत चेहरा उजळला. मी स्वतःवरच खूश. मग कातडी पातळ, लालभडक झाली. स्टोव्हपुढे बसलं की आग व्हायची आणि ट्यूब थांबवली तर डाग पहिल्यापेक्षा गडद.

शेवटी मीच त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ही ट्यूब कुणी दिली, असं बाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "मीच आणली."

बाईंनी शांतपणे समजावलं. हा रक्ताचा दोष नाही, पोटाचाही नाही. गरोदरपणात शरीर बदलतं, त्याने रंग साचतो आणि ऊन तो वाढवतं. ती ट्यूब बंद, चोळणं बंद, ऊन टाळायचं, सौम्य औषध लावायचं, धीर धरायचा. डाग फिके होतील, पुरते जातीलच असं नाही. परतताना बसमध्ये मी माफी मागू लागलो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "यात माझं काही चुकलं नाही, हे चार वर्षांत पहिल्यांदा कुणी सांगितलं. तेवढं पुरे."

डाग फिके झाले, गेले नाहीत. पुढे त्या मुख्याध्यापिका झाल्या. सकाळच्या प्रार्थनेला मुलं उन्हाकडे तोंड करून उभी राहायची. वहिनींनी रांगा उलट फिरवल्या. आता ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर येई. मी चिडलो, तर म्हणाल्या, "मी पदर घेते डोक्यावर. पोरांनी काय घ्यायचं?"

गेल्या सोमवारी त्यांचे कागद आणायला शाळेत गेलो. प्रार्थना चालू होती. मुलांच्या पाठी उन्हाकडे, समोर नव्या बाई, डोळे बारीक करून. नंतर मी सहज विचारलं, रांगा अशा का?

"काय माहीत," त्या म्हणाल्या, "इथे अशाच लागतात."